रुपेरी टिकली

नीलव्वा हाटगार कुंकवाच्या करंड्यातनं
एक कार्ड घेऊन आली.
काळं, पोस्टाच्या तिकिटाहून जरा थोराड,
मांड्याच्या पदराइतकं पातळ,
पाठीवर सोनेरी पत्रा, उघडाच.
"काका, ह्यात आमचे अप्पा हाईत काय बघा की."

वडगावात हे ओळखणारा आता मी एकटाच.

स्मार्टमीडिया म्हणायचे त्याला.
दोन हजार एक साली हुबळीहून कॅमेरा आणला
तेव्हा आठ एमबीचं सोबत फुकट मिळालं,
सोळाचं मी वेगळं घेतलं.
त्या पैशात सायकल आली असती,
बायको अजून ती सायकल काढते.

प्रत्येक कार्डाचा एक कोपरा कापलेला.
डावा असेल तर पाच व्होल्ट,
उजवा असेल तर तीन पॉइंट तीन.
रंग तोच, माप तेच,
पण ह्याचं त्याच्या घरात चालायचं नाही.
"दाबून बसवू नका," हुबळीचा दुकानदार म्हणाला,
आधी कन्नडात, मग माझ्यासाठी मराठीत,
"दोन्ही जळतील."

आणि त्याला स्वतःची अक्कल नव्हती.
आठवण तेवढी त्याच्यात,
ती लावायची कशी, शोधायची कुठं,
ते सगळं कॅमेऱ्याच्या डोक्यात.
म्हणून इतकं सडपातळ राहिलं बिचारं.
म्हणूनच संपलंही.
एकशे अठ्ठावीसच्या पुढं वाढ खुंटली.
त्याच्या जागी एक्सडी आलं, बोटाच्या पेराएवढं,
तेही फार टिकलं नाही.
सुतक कुणी धरलं नाही.
किर्लोस्कर रोडवरच्या दुकानानं दरपत्रकातली एक ओळ गाळली,
झालं.

माळ्यावरनं जुना कॉम्प्युटर उतरवला.
फ्लॉपीच्या आकाराची एक डबी होती माझ्याकडं,
तिच्या पोटात कार्ड सरकवायचं
आणि ती डबी फ्लॉपीच्या तोंडात द्यायची.
बटणासारखे दोन सेल लागतात,
ते घड्याळवाल्या जिनगोंडाकडनं मागवले.
नीलव्वा स्टुलावर बसून होती,
पडद्यामागच्या ताजमहालाकडं पाठ करून.

कार्डावर रुपेरी टिकली होती.
ती लावली की त्यावर पुन्हा काही लिहिता येत नाही,
पुसताही येत नाही.
वीरभद्रानं ती नीट मधोमध लावलेली,
सणाला लावावी तशी.

ड्राइव्ह कण्हला. बराच वेळ कण्हला.
मग एकेक फोटो वरून खाली उतरू लागला,
मागावरून कापड उतरावं तसा.

काठ.
मोरपंखी काठ, रुईफुलाचा काठ,
गोमी, चिक्की परास, एक अर्धवट सोडलेला.
अकरा फोटो, अकरा काठ.
व्यापाऱ्याला दाखवायला काढलेले असणार,
माग विकायच्या आधीच्या उन्हाळ्यात,
माझाच कॅमेरा एका दुपारपुरता नेऊन.
माणूस एकाही फोटोत नाही.

"नाहीत, बाई," मी म्हटलं.
ती उठली नाही.
"स्वल्प निल्लरी," म्हणाली, "थांबा की, मागं घ्या. सातवा."

सातव्यात, उजव्या कोपऱ्यात,
काठ ताणून धरलेला एक अंगठा.
नखाच्या मुळाशी निळा रंग मुरलेला,
पेरावर धोट्यानं कापल्याची आडवी रेघ.

फ्रेममधनं काढून टाकायला हवा होता तो,
मी असतो तर काढला असता.

तिनं पडद्याला हात लावला नाही.
फक्त स्वतःचा अंगठा उलटा करून बघितला, दिव्याखाली.

"एवढंच छापून द्या," म्हणाली.
"आणि काठ?"
"काठ राहू दे थोडा. त्याशिवाय तो काय धरलाय
कळायचं नाही कुणाला."

पैसे विचारले तिनं. मी सांगितले, तिनं दिले.
कार्ड परत करंड्यात ठेवलं.
टिकलीची एक कड सुटली होती,
ती तिनं नखानं दाबून बसवली.